चुन्याची निवळी आणि शंभर मीटर खोल डोह

शाळेत चुन्याच्या निवळीचा प्रयोग बहुतेकांनी केलेला असतो. परीक्षानळीत निवळी घ्यायची, नळीने तिच्यात फुंकायचं. निवळी दुधासारखी पांढरी होते. बाई सांगतात, उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो हे यावरून सिद्ध झालं. आपण वहीत आकृती काढतो आणि तास संपतो. या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग मात्र अनेक वर्गांत राहूनच जातो. त्या दुधाळ पाण्यात कार्बन डायऑक्साइड तसाच सोडत राहिलं, तर थोड्या वेळाने ते पुन्हा स्वच्छ होतं. पांढरा साका म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजेच चुनखडी. आधी कार्बन डायऑक्साइडमुळे ती तयार होते, आणि तोच वायू जास्त झाला की ती पाण्यात विरघळून दिसेनाशी होते.

या दुसऱ्या अर्ध्या प्रयोगातून जमिनीत काय काय घडू शकतं, हे बघायचं तर ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर जावं लागेल. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याच्या आग्नेय टोकाला, व्हिक्टोरिया राज्याच्या सीमेला लागून, माउंट गॅम्बियर नावाचं शहर आहे. ॲडलेडपासून रस्त्याने सुमारे साडेचारशे किलोमीटर. तिथून आग्नेयेला आणखी तीसेक किलोमीटर गेलं की समुद्राच्या वाळूच्या टेकड्यांमागे लव्हाळ्याने भरलेली पाणथळ जागा लागते. तिचं नाव पिकॅनिनी पाँड्स. काठावरून पाहिलं तर एक साधं तळं. पाण्यात तोंड घालून पाहिलं की तळच नाहीसा होतो. पांढऱ्या चुनखडीच्या दोन उभ्या भिंती, मध्ये निळी चीर, आणि ती चीर खाली शंभर मीटरपेक्षाही खोल गेलेली. तिथले लोक तिला द कॅझम म्हणतात, म्हणजे दरी. बाजूला पाण्याखालचंच एक मोठं दालन आहे, त्याच्या उंच पांढऱ्या भिंतींमुळे त्याला कॅथीड्रल हे नाव पडलं.

नावाबद्दल एक सांगायला हवं. हा सगळा प्रदेश बुंगानडिज या मूलनिवासी लोकांचा. ‘पिकॅनिनी’ हा शब्द वसाहतकाळात गोरे लोक काळ्या आणि मूलनिवासी मुलांसाठी वापरत, आणि आज तो अपमानकारक मानला जातो. सरकारी नोंदींत हे ठिकाण याच नावाने आहे म्हणून तो इथे वापरावा लागतो आहे.

ही जागा १९६९ पासून संरक्षित आहे. डिसेंबर २०१२ मध्ये तिचा ८६२ हेक्टरचा परिसर रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. आपलं नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी ज्या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत, तीच ही यादी. जगभरातून गुहांमध्ये बुडी मारणारे पाणबुडे इथे येतात, स्नॉर्केल लावून नुसतं पृष्ठभागावर तरंगत खाली बघणारेही येतात. पण या जागेला डोह किंवा तळं समजलं, तर तिचं अर्धं शास्त्र आणि सगळं संकट आपल्या हातून निसटतं. ही एक विहीर आहे. कुणी न खणलेली, पण विहीरच. जमिनीखालचं पाणी जिथे उघड्यावर आलं, ती जागा.

खडक कसा विरघळतो

इथला खडक म्हणजे गॅम्बियर चुनखडी. कोट्यवधी वर्षांपूर्वी हा सगळा भाग उथळ समुद्राखाली होता. त्या समुद्रात ब्रायोझोआ नावाचे बारीक प्राणी वसाहती करून राहत. त्यांचे चुन्याचे सांगाडे, शंख-शिंपल्यांचे तुकडे तळाशी साचत गेले, दाबले गेले आणि त्यांचा दगड झाला. दगड असला तरी मऊ आणि सच्छिद्र. कोकणात जांभ्याचे चिरे काढतात तसे माउंट गॅम्बियरला या चुनखडीचे ठोकळे कापतात, आणि शहरातल्या कितीतरी इमारती त्याच पांढरट दगडाच्या आहेत.

पावसाचं पाणी हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली येतं. पण खरी भर पडते ती मातीत. मुळं आणि मातीतले सूक्ष्मजीव श्वसन करतात, त्यामुळे मातीच्या फटींतल्या हवेत बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पट जास्त कार्बन डायऑक्साइड असतो. तो पाण्यात मिसळला की पाणी किंचित आम्लधर्मी होतं. सोड्याच्या बाटलीतलं पाणी असतं तसंच, फक्त फार सौम्य. हे पाणी चुनखडीच्या भेगांतून झिरपतं आणि जाताना थोडी चुनखडी विरघळवून सोबत नेतं. वर्षाकाठी हिशेब क्षुल्लक, पण वर्षं हजारांनी आणि लाखांनी मोजायची आहेत. केसाएवढी भेग बोटाएवढी होते, बोटाएवढी हाताएवढी. आणि मोठ्या भेगेतून जास्त पाणी जातं, म्हणून मोठी भेग आणखी वेगाने मोठी होते. अशा विरघळलेल्या चुनखडीच्या प्रदेशाला कार्स्ट म्हणतात. स्लोव्हेनिया आणि इटलीच्या सीमेवरच्या एका पठाराच्या नावावरून हा शब्द आला.

हीच क्रिया उलटी फिरते तेव्हा काय होतं, ते आपण घरी रोज बघतो. जड पाणी तापवलं की बंबाच्या, गीझरच्या आत पांढरा कडक थर बसतो. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून गेला, विरघळलेली चुनखडी परत घट्ट झाली.

मराठी वाचकाला हे सगळं थोडं अनोळखी वाटणं साहजिक आहे, कारण आपला बहुतेक महाराष्ट्र बेसाल्टवर, काळ्या कातळावर उभा आहे. बेसाल्ट पाण्याने झिजतो, फुटतो, मुरमाड होतो, पण असा विरघळून पोकळ होत नाही. म्हणून वेरूळ-अजिंठ्याची लेणी माणसाला छिन्नीने कोरावी लागली. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे आहेत, पण ते वाहत्या पाण्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी घासून झालेले. चुनखडी आपल्याकडे नाहीच असं नाही. चंद्रपूर-यवतमाळकडे आहे, तिथले सिमेंटचे कारखाने तिच्यावरच चालतात. पण भारतातल्या सर्वांत लांब चुनखडीच्या गुहा बघायच्या तर मेघालय गाठावं लागतं.

आता प्रश्न येतो तो शंभर मीटरच्या खोलीचा. एवढ्या खाली पाण्याने खडक पोखरला कसा? आज तर ते सगळं पाण्याने भरलेलं आहे, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर आहे.

उत्तराचा एक भाग समुद्राच्या पातळीत आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटचं हिमयुग ऐन भरात असताना, पृथ्वीवरचं इतकं पाणी बर्फात अडकलेलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. किनारा बराच दूर सरकला होता. जमिनीखालच्या पाण्याला शेवटी समुद्रालाच मिळायचं असतं, त्यामुळे समुद्र खाली गेला की भूजलाची पातळीही खाली जाते. त्या काळात पाण्याने खोलवर वाटा काढल्या. अशी हिमयुगं एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा येऊन गेली. दर वेळी बर्फ वितळला, समुद्र वर आला आणि पोखरलेल्या पोकळ्या पाण्याने भरल्या.

दुसरा भाग मला त्याहून रंजक वाटतो. माउंट गॅम्बियर शहर एका ज्वालामुखीच्या अंगावर वसलेलं आहे. त्याचा शेवटचा उद्रेक सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचा मानतात, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबात अगदी कालपरवाचा. ज्वालामुखीच्या प्रदेशात खोलातून कार्बन डायऑक्साइड वर येत असतो. या भागातल्या काही खोल, उभ्या विवरांबद्दल भूवैज्ञानिकांनी असं मांडलं आहे की हा वायू भेगांतून भूजलात शिरला, पाणी नेहमीपेक्षा जास्त आम्लधर्मी झालं आणि त्याने खालून वर चुनखडी खाल्ली. पावसाचं पाणी वरून फुंकत होतं तसं पृथ्वीही खालून फुंकत होती. निवळीचा तोच प्रयोग, पण नळी तळातून घातलेली.

पाणी इतकं निवळशंख का

पिकॅनिनी पाँड्समध्ये चाळीस मीटरपर्यंत आरपार दिसतं. जवळच युएन्स पाँड्स म्हणून तीन छोटे डोह आहेत, एकमेकांना उथळ ओहोळांनी जोडलेले. त्यांची खोली दहा-बारा मीटरच्या आसपास, आणि तिथे तर ऐंशी मीटरपर्यंत दिसतं असं सांगतात. मालवण-तारकर्लीला ज्यांनी स्कुबा किंवा स्नॉर्केलिंग केलं आहे, त्यांना काही मीटरवरचा मासाही धूसर दिसलेला आठवत असेल. मग इथे काय वेगळं आहे?

पहिलं म्हणजे या पाण्याला माती भेटतच नाही. या प्रदेशात नद्या जवळजवळ नाहीत. पाऊस पडतो साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर, म्हणजे पुणे शहरात पडतो जवळपास तेवढाच, पण तो हिवाळ्यात, बारीक बारीक, दिवसेंदिवस पडत राहतो. तो वाहून जात नाही, मुरतो. मुरलेलं पाणी सच्छिद्र चुनखडीतून हळूहळू दक्षिणेला, समुद्राकडे सरकतं. जमिनीखालच्या अशा पाणी साठवणाऱ्या आणि पुढे नेणाऱ्या खडकाला जलधर म्हणतात. डोहात पाणी येतं ते या जलधरातून, तळच्या उमाळ्यांतून. त्यात गाळ नसतो.

दुसरं कारण शेवाळाचं. पाणी हिरवं दिसतं ते त्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळामुळे, आणि शेवाळाला फॉस्फरस लागतो. चुनखडीचं वैशिष्ट्य असं की फॉस्फरस तिच्या कणांना चिकटून राहतो. त्यामुळे शेवाळ उपाशी राहतं. शिवाय उमाळे सतत वाहते असल्याने पाणी साचून राहत नाही. निळा रंग पाण्याचा स्वतःचाच. पाणी प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतं, निळा आत खोलवर जातो. पेलाभर पाण्यात हे कळत नाही, तीस-चाळीस मीटरमध्ये कळतं.

स्वच्छ पाण्याचा परिणाम म्हणजे सूर्यप्रकाश खोलवर पोहोचतो. युएन्स पाँड्समध्ये त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडते. एरवी ज्या वनस्पती पाण्याच्या कडेला, डोकं बाहेर काढून वाढतात, त्या इथे कित्येक मीटर खोल, पूर्ण बुडालेल्या अवस्थेत हिरव्यागार वाढतात. पहिल्या डोहातून प्रवाहावर अंग सोडलं की स्नॉर्केल लावलेला माणूस या पाण्याखालच्या कुरणावरून तिसऱ्या डोहापर्यंत तरंगत जातो. खाली त्या पानांत बोटाएवढे पिग्मी पर्च मासे असतात, आणि दगडांच्या कपारीत ग्लेनेल्ग नदीच्या खोऱ्यातला काटेरी झिंगा. हा गोड्या पाण्यातला मोठा, चांगल्या जाड नांग्यांचा प्राणी आहे. त्याला थंड, वाहतं आणि प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं, आणि असं पाणी आता फार थोड्या जागी उरलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय यादीत तो संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. पिकॅनिनीच्या लव्हाळ्यात तापस पक्षी राहतो, आपल्याकडच्या पिवळ्या तापसाचा मोठा ऑस्ट्रेलियन भाऊबंद. किनाऱ्यालगतच्या झुडपांत हिवाळ्यात नारिंगी पोटाचा पोपट येऊ शकतो. जगातल्या सर्वांत दुर्मीळ पोपटांपैकी हा एक. तो टास्मानियात घरटी करतो आणि थंडीत समुद्र ओलांडून मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर येतो.

बुडी मारण्याचं गणित

इथल्या पाण्यात उतरायला परवानगी लागते. नुसतं तरंगायचं असेल तरी लागते. टाकी लावून बुडी मारायची असेल तर ऑस्ट्रेलियातल्या गुहा-पाणबुड्यांच्या संघटनेचं, म्हणजे केव्ह डायव्हर्स असोसिएशन ऑफ ऑस्ट्रेलियाचं, प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र हवं. आणि ३६ मीटरखाली जायचं नाही. दरी शंभर मीटरची, मर्यादा ३६ ची. हा नियम का, हे समजून घेण्यासारखं आहे.

पाण्यात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. ३६ मीटरवर तो पृष्ठभागावरच्या साडेचार पटींहून जास्त असतो. फुप्फुसात हवा त्याच दाबाने घ्यावी लागते, म्हणजे एका श्वासात साडेचार श्वासांची हवा खर्च होते. वर तासभर पुरेल अशी टाकी तिथे तेरा-चौदा मिनिटांत संपते. शिवाय तीस मीटरच्या पुढे हवेतला नायट्रोजन डोक्यावर परिणाम करू लागतो. दारू चढल्यासारखी गुंगी येते, निर्णय चुकतात, आणि वाईट म्हणजे आपण चुकतो आहोत हे कळत नाही. पाणी बारा महिने साधारण पंधरा अंशांवर असतं, त्यामुळे थंडी भिनते आणि हातांची बोटं नीट चालत नाहीत.

उघड्या समुद्रात अडचण आली तर माणूस निदान वर येऊ शकतो. गुहेत वर छत असतं. ज्या वाटेने आत गेलात तीच बाहेरची वाट. म्हणून गुहेत जाणारे आपल्यामागे दोरी सोडत जातात, आणि हवेचे तीन भाग करतात. एक भाग जायला, एक यायला, एक संकटासाठी राखीव. तळाशी आणि कपारींत पिठासारखा बारीक गाळ असतो. पायातल्या फिनचा एक चुकीचा फटका बसला की तो उठतो, आणि चाळीस मीटर दिसणाऱ्या पाण्यात स्वतःचा हात दिसेनासा होतो. त्या क्षणी हातातली दोरी हीच वाट.

मला सर्वांत धोकादायक वाटते ती मात्र स्वच्छताच. गढूळ पाण्यात माणूस आपोआप जपून उतरतो. निवळशंख पाण्यात वीस मीटर खालचा खडक हाताशी असल्यासारखा वाटतो, वर प्रकाश दिसत असतो, परतीची वाट सोपी वाटते. खोली डोळ्यांना कळतच नाही.

याची किंमत या प्रदेशाने मोजलेली आहे. १९६० च्या दशकात स्कुबाचं साहित्य सहज मिळू लागलं आणि माउंट गॅम्बियरच्या विवरांची ख्याती पसरली. १९६९ ते १९७४ या काळात या भागातल्या पाण्याने भरलेल्या गुहांत अकरा पाणबुडे बुडून मेले. त्यातले चार एकाच दिवशी, मे १९७३ मध्ये, द शाफ्ट नावाच्या विवरात. त्या विवराचं तोंड शेतातल्या जमिनीत, जेमतेम एक माणूस आत जाईल एवढं. आत उतरलं की प्रचंड मोठं, अंधारं, पाण्याने भरलेलं दालन. त्या चौघांनंतर सगळी विवरं कायमची बंद करावीत असा सूर निघणं स्वाभाविक होतं. त्याच वर्षी पाणबुड्यांनी मिळून वर सांगितलेली संघटना उभी केली, परीक्षा ठरवल्या, कोणत्या गुहेत कोणत्या दर्जाचं प्रशिक्षण हवं हे ठरवलं. ज्यांना उतरायचं होतं त्यांनीच स्वतःवर नियम घालून घेतले, आणि म्हणून जमीनमालकांनी आणि सरकारने दारं उघडी ठेवली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. बंदी घालून जागा वाचते, पण मग तिच्याबद्दल कळकळीने बोलणारी, तिच्या आतले बदल सर्वांत आधी पाहणारी माणसंही हरवतात.

नियमांचा दुसरा हेतू जागेला जपण्याचा आहे. फिनच्या फटक्याने झाडं उपटली जातात. सोडलेल्या हवेचे बुडबुडे छताला, भिंतींना घासत वर जातात आणि तिथली शेवाळाची साय सोलून काढतात. चुनखडीच्या मऊ भिंतीला नुसता हात टेकला तरी खूण राहते. म्हणून एका वेळी मोजकीच माणसं, ठरलेल्या वेळेपुरती.

पण पाणी येतं कुठून?

हे सगळे नियम योग्यच आहेत, पण त्यांनी डोहाचा काठ तेवढा राखला जातो. डोहातलं पाणी काठावरून येत नाही. ते उत्तरेकडून येतं, कित्येक किलोमीटर अंतरावरच्या शेतांखालून, कुरणांखालून, झाडांच्या लागवडींखालून. शेजाऱ्याने खोल बोअर मारली आणि आपली विहीर उन्हाळ्यात आटली, हा अनुभव मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पिकॅनिनी पाँड्सचा प्रश्न नेमका तोच आहे. कुंपण डोहाभोवती आहे, जलधराभोवती नाही.

या भागात बटाटे, चारा, दुभती जनावरं यांसाठी भूजलावर सिंचन होतं. आणि मोठ्या प्रमाणावर झाडांची लागवड आहे, पाइनची आणि नीलगिरीची. नीलगिरी पाणी पिते की नाही हा वाद आपल्याकडेही झालेला आहे, तेव्हा इथे जरा थांबावंसं वाटतं. लागवडीचा भूजलावर दोन बाजूंनी परिणाम होतो. दाट पर्णसंभारावर पडलेला बराच पाऊस तिथूनच वाफ होऊन जातो आणि मुळांशी पोहोचलेला मुळं पिऊन टाकतात, त्यामुळे मुरणारं पाणी कमी होतं. आणि जिथे भूजल उथळ आहे, पाच-सहा मीटरवर, तिथे झाडांची मुळं थेट त्यालाच भिडतात. पंप न लावता चाललेला उपसा. गवताळ जमिनीत हे दोन्ही फार कमी असतं.

दक्षिण ऑस्ट्रेलियाने यावर एक धाडसी पाऊल उचललं. लोअर लाइमस्टोन कोस्ट या भागासाठी २०१३ मध्ये केलेल्या पाणीवाटप आराखड्यात व्यापारी लागवडीलाही पाणी वापरणारा म्हणून मोजलं. म्हणजे सिंचनाच्या शेतकऱ्याला जसा पाण्याचा परवाना लागतो, तसाच जंगल लावणाऱ्या कंपनीलाही लागतो. झाड नळ उघडत नाही, मीटर फिरवत नाही, तरी त्याच्या नावावर पाणी मांडायचं. वाद झालेच, होणारच होते. पण पाण्याचा हिशेब मांडताना ते पंपाने उपसलं की मुळाने, याला अर्थ नाही, हे कायद्यात लिहिलं गेलं.

उपशाइतकीच चिंता पाण्यातून काय वाहून येतं याची आहे. सच्छिद्र चुनखडी गाळ अडवते, पण विरघळलेलं नायट्रेट अडवत नाही. खतांतून, शेणामुतातून आलेलं नायट्रेट पाण्याबरोबर सरळ पुढे सरकतं. आणि जिथे मोठ्या भेगा, विवरं आहेत, तिथे तर वरची घाण गाळलीही न जाता खाली पोहोचते. पूर्वी या भागातल्या चीजच्या कारखान्यांची निवळी, म्हणजे दूध फाटल्यावर उरणारं पाणी, सरळ विवरांत सोडत असत. तेव्हा ती सोय वाटत होती, जमिनीत भोक आहे आणि ते भरतही नाही. त्याचे परिणाम भूजलातल्या नायट्रेटच्या रूपाने पुढे दिसले. माउंट गॅम्बियर शहरात तर नदीच नसल्याने रस्त्यावरचं पावसाचं पाणी आजही शेकडो बोअरमधून चुनखडीत सोडलं जातं, आणि त्याच शहराचं पिण्याचं पाणी ज्वालामुखीच्या विवरातल्या ब्लू लेकमधून येतं, ज्याला पाणी मिळतं भूजलातूनच. त्यामुळे रस्त्यावर काय सांडतं याची काळजी त्या शहराला अक्षरशः तोंडच्या पाण्याची काळजी आहे.

आणखी एक धोका समुद्राच्या बाजूने आहे. तो समजायला थोडं गणित लागतं, पण कोकणातल्या माणसाला त्याचं फळ ठाऊक आहे. किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. खारं पाणी थोडं जड, गोडं हलकं. घनतेत फरक साधारण चाळिसात एकाचा. त्यामुळे गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल, तर त्याच्या खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. १९व्या शतकाच्या अखेरीस गायबेन या डच आणि २०व्या शतकाच्या सुरुवातीला हर्त्सबर्ग या जर्मन अभ्यासकाने स्वतंत्रपणे हे नातं मांडलं. आता ते उलटं वाचा. वर भूजल दहा सेंटिमीटर उतरलं, तर कालांतराने खाली खाऱ्या पाण्याची सीमा चार मीटर वर सरकू शकते. किनाऱ्यालगतच्या विहिरीचा जास्त उपसा केला की ती मचूळ होते, याचं कारण हेच. शंभर मीटर खोल दरी असलेल्या डोहाला हा धोका तळातून आहे, आणि तो वरून दिसत नाही.

चर आणि ते बुजवणं

इथल्या पाणथळ जमिनींचं सर्वांत मोठं नुकसान मात्र फावड्याने आणि यंत्राने केलं. राज्याचा हा आग्नेय भाग एकेकाळी पावसाळी महिन्यांत मैलोन्‌मैल पाण्याखाली असे. १८६० च्या दशकापासून वाळूच्या टेकड्या फोडून समुद्रापर्यंत चर काढायला सुरुवात झाली, ती पुढे शंभर वर्षं चालली. मूळच्या पाणथळीतली नव्वद टक्क्यांहून जास्त गेली. पिकॅनिनी पाँड्सचं पाणी मुळात वाळूच्या टेकड्यांमागून पूर्वेला ग्लेनेल्ग नदीकडे जात असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेकडीतून थेट समुद्रात वाट काढून दिली, आणि भोवतालची दलदल कुरणासाठी कोरडी केली.

शेजारच्या पिक स्वॉम्प नावाच्या अशाच कोरड्या केलेल्या जमिनीवर मग उलटं काम झालं. सरकारने ती जमीन घेऊन संरक्षित क्षेत्राला जोडली, चर अडवले, बांध घातले. पाणी परत आलं, लव्हाळी परत आली, तापस परतले. मातीत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बियांनी उगवायला वाट पाहिली होती असं दिसतं. हे वाचल्यावर मला चर बुजवण्याच्या कामाबद्दल नव्याने आदर वाटू लागला. त्यात उद्घाटनाला कापायला फीत नसते, उभं काहीच राहत नाही, फक्त पाणी थांबतं.

समुद्राकडची कृत्रिम वाट मात्र पूर्ण बंद केली नाही, आणि त्यामागे मासे आहेत. इथले ईल मासे आयुष्य गोड्या पाण्यात काढतात आणि प्रजननासाठी दूर उत्तरेकडच्या उबदार समुद्रात जातात. त्यांची काडीएवढी, काचेसारखी पारदर्शक पिल्लं परत किनाऱ्यावर येतात आणि गोड्या पाण्याची वाट शोधतात. गॅलॅक्सियस नावाचे छोटे मासेही लहानपणी समुद्र गाठून परततात. पाणी अडवायचं, पण माशांना अडवायचं नाही, म्हणून बाहेर पडण्याच्या वाटेवर दगडांचा उतार रचून माशांना चढता येईल अशी सोय केली आहे. पाण्याची पातळी त्या उताराने धरून ठेवली जाते, आणि दगडांमधल्या मंद पाण्यात दम घेत घेत पिल्लं वर चढतात.

टेकडी ओलांडून पलीकडे गेलं की दक्षिण महासागराच्या लाटा फुटत असतात. ओहोटीला तिथल्या वाळूकडे नीट पाहिलं तर जागोजागी ती हलताना दिसते, भात शिजताना पृष्ठभाग हलतो तशी. तेही जलधराचंच पाणी, डोहात वर न आलेलं, वाळूतून उमळणारं. ओंजळीत घेतलं तर गोडं आणि गार. दोन पावलांवर लाट येते आणि ते घेऊन जाते.